७० चा पिचर ४५ वर कसा आला: एका ट्रेडचा तपास

तक्रार एका ओळीची होती. "मामाने मला पोकळ माल दिला, ट्रेड रद्द कर." तक्रार करणारा माझा मावसभाऊ, फोंड्याला इंजिनीअरिंग शिकतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो आम्हा दोघांचा मामा, डिचोलीच्या एका हायस्कूलात गणिताचा मास्तर. निवाडा करायचा मी, कारण आमच्या बेसबॉल लीगचा कमिशनर मी आहे. माझा स्वतःचा संघ नाही. लीगची फाईल सांभाळायची, दर रविवारी खेळ आठवडाभर पुढे सरकवायचा आणि वाद मिटवायचे, हे माझं काम.

लीग चालते 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या गेमवर. मार्कुस हाइनझोन या जर्मन माणसाने सुरू केलेल्या या गेमची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली. यात हातात बॅट येत नाही. तुम्ही संघ चालवता: ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने नवी पोरं निवडायची, त्यांना मायनर लीगमध्ये (मुख्य 'मेजर लीग'च्या खालच्या पायऱ्यांवर) वाढवायचं, करार करायचे, खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, करायची. आमच्या लीगमधले खेळाडू सगळे काल्पनिक आहेत. आठ संघ आम्हा आठ जणांच्या हाती आहेत आणि बाकीचे कॉम्प्युटर सांभाळतो. फुटबॉल आणि क्रिकेटवर वाढलेल्या आमच्या घरात बेसबॉलचं हे वेड कसं शिरलं ते सांगत बसत नाही. ते शिरलं आणि राहिलं.

या प्रकरणाची सविस्तर नोंद करायचं कारण असं, की फ्रँचाइज मोड, म्हणजे एकच संघ वर्षानुवर्षं चालवायचा प्रकार, खेळणारे बहुतेक जण 'पोटेन्शियल' (खेळाडू पुढे किती चांगला होऊ शकेल) या आकड्यापाशी कधी ना कधी असेच अडकतात आणि मग गेमवर, नशिबावर किंवा समोरच्यावर खापर फोडतात. आमच्याकडे प्रत्येक आठवड्याचा बॅकअप होता. त्यामुळे काय घडलं ते पायरी पायरीने उघडून बघता आलं.

ट्रेड काय होता

चवथीच्या सुट्टीत सगळे मामाच्या घरी जमले होते तेव्हा व्यवहार ठरला. गेममध्ये तेव्हा २०३१ चा जुलै चालू होता. मावसभावाने आपला २७ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दिला, सध्याचं रेटिंग ५५. बदल्यात मामाकडून १९ वर्षांचा एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला. त्याचं सध्याचं रेटिंग ३० आणि पोटेन्शियल ७०, असं मावसभावाच्या स्क्रीनवर दिसत होतं.

हे आकडे २०-८० च्या मापातले आहेत. अमेरिकेतले बेसबॉल स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे, खऱ्या आयुष्यातही हेच माप वापरतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू आणि पुढचे दर १० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. ७० म्हणजे सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनं. असे पिचर अख्ख्या लीगमध्ये बोटांवर मोजण्याइतकेच असतात. ५५ चा शॉर्टस्टॉप देऊन भविष्यातला ७० चा पिचर मिळत असेल तर हात आखडता घ्यायचं कारण नाही, असा मावसभावाचा हिशेब होता. त्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवला तर तो बरोबरच होता.

२०३३ च्या ऑगस्टमध्ये तोच पिचर २१ वर्षांचा होता आणि पोटेन्शियल ४५. तेही सामना सुरू करणारा स्टार्टर म्हणून नाही, बुलपेनमध्ये बसून मध्येच बदली येणारा रिलीव्हर म्हणून. तिकडे शॉर्टस्टॉप मामाच्या संघात रोज खेळत होता.

एक जुनी सवय

तपासाच्या आधी मावसभावाच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. तो बेसबॉल शिकला प्लेस्टेशनवर, सोनीच्या 'एमएलबी द शो' मध्ये. तिथल्या फ्रँचाइज मोडमध्ये रेटिंग ९९ पर्यंत असतं आणि पोटेन्शियलला अक्षरी श्रेणी असते: ए म्हणजे नव्वदीतला, बी म्हणजे ऐंशीतला, असं खाली उतरत जातं. ड्राफ्टच्या आधी पोरांभोवती धुकं असतं आणि स्काउटिंग वाढवाल तसं ते विरतं. पण एकदा खेळाडू संघात आला की त्याची श्रेणी सगळ्यांना सारखीच दिसते. अलीकडच्या आवृत्त्यांत कामगिरीप्रमाणे पोटेन्शियलही खालीवर होतं, तरी तो आकडा गेमच्या पोटातला खरा आकडा असतो. तो कुणाचं मत नसतो.

'आउट ऑफ द पार्क' मध्ये स्काउटिंग चालू ठेवलं असेल तर तुम्हाला खरा आकडा कधीच दिसत नाही. दिसतं ते तुमच्या स्काउटचं मत. दुसऱ्या संघाला त्याच खेळाडूबद्दल त्याच्या स्काउटचं मत दिसतं. याशिवाय ओएसए नावाचा एक मध्यवर्ती अहवाल असतो, तो सगळ्यांना एकच दिसतो. खरं रेटिंग आत दडलेलं असतं आणि तेही स्थिर नसतं. म्हणजे स्क्रीनवरचं ७० हलण्याला दोन वेगळी कारणं असू शकतात: मत बदललं, किंवा खेळाडू बदलला. 'द शो' मध्ये खेळून आलेल्या माणसाला यातलं खेळाडू बदलल्याचं कारणच सुचतं.

बॅकअपमध्ये काय सापडलं

मी २०३१ च्या जुलैची फाईल उघडली आणि आठही संघांच्या खुर्चीत बसून त्या पिचरचं पान पाहिलं. आठ स्काउटांचे आठ आकडे असे होते: ४५, ५०, ५०, ५५, ५५, ५५, ६० आणि ७०. मामाच्या स्काउटचं मत ५०. मावसभावाच्या स्काउटचं ७०. ओएसए ५५ म्हणत होतं. मग कमिशनर मोडमधून एडिटर उघडून खरा आकडा पाहिला. २०-८० च्या मापात बसवला तर तो ५५ निघाला.

म्हणजे ट्रेडच्या दिवशीसुद्धा तो पोरगा ७० चा नव्हता. २५ गुणांच्या घसरणीतले १५ गुण मुळात अस्तित्वातच नव्हते.

मावसभावाच्या स्काउटचं पान पाहिलं तेव्हा आणखी उलगडा झाला. या गेममध्ये प्रत्येक स्काउटचा एक कल असतो. काही जण खेळाडू आज काय करून दाखवतोय याला वजन देतात, काही जण त्याच्या 'टूल्स'ना, म्हणजे अंगच्या कच्च्या गुणांना. याचा स्काउट टूल्सकडे जोरात झुकणारा होता. तशात मावसभावाने त्या वर्षी स्काउटिंगचं बजेट कापून पैसा मेजर लीगच्या करारांत घातला होता. मायनर लीगच्या खालच्या पायरीवरचा १९ वर्षांचा पोरगा, कमी बजेट आणि टूल्सवर भाळणारा स्काउट. खेळाडूच्या पानावर अहवालाच्या अचूकतेपुढे 'कमी' असं लिहिलेलंही होतं. ७० चा आकडा मोठ्या ठशात असतो आणि अचूकतेची ओळ बारीक, हे मान्य. पण ती ओळ तिथे होती.

घसरण 'एका रात्रीत' झाली, हा त्याचा सर्वांत मोठा आक्षेप होता. २०३१ च्या डिसेंबरात एका आठवड्यात ७० चे ५५ झाले, हे खरंच आहे. त्या आठवड्याच्या दोन फाईली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एडिटरमधला खरा आकडा दोन्हीत ५५, तसूभरही फरक नाही. बदललं होतं ते एवढंच की मावसभावाने जुन्या स्काउटला काढून नवा नेमला होता. नव्याने सगळ्या खेळाडूंकडे आपल्या नजरेने पाहिलं आणि त्याच्या नजरेत हा पोरगा ५५ चा होता. त्याच आठवड्यात मावसभावाच्या मायनर लीगमधल्या आणखी कितीतरी पोरांचे आकडे खालीवर झाले होते. वर गेलेल्यांबद्दल तक्रार आली नाही.

उरलेले १० गुण मात्र खरे गेले आणि ते कसे गेले हे पाहणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एकूण पोटेन्शियल हा एक आकडा दिसत असला तरी तो सुट्या गुणांवरून बनतो. पिचरच्या बाबतीत चेंडूची धार, त्याची हालचाल आणि नियंत्रण हे मुख्य गुण. शिवाय दम किती आणि हातात कोणकोणते चेंडू आहेत. स्टार्टर व्हायचं तर दम हवा आणि कामाचे किमान तीन प्रकारचे चेंडू हवेत. तेवढे नसतील तर गेम त्याला रिलीव्हर म्हणून मोजतो. या पोराचा फास्टबॉल चांगला होता आणि वळणारा स्लायडर त्याहून सरस. तिसरा चेंडू चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू: सध्या २५, पोटेन्शियल ५०. त्याच्या स्टार्टरपणाचा सगळा डोलारा या न शिकलेल्या चेंजअपवर उभा होता. २०३२ च्या मार्चमधल्या फाईलमध्ये त्या चेंजअपचं खरं पोटेन्शियल ४० वर आलं होतं आणि एकूण आकडा ५० वर. धार तीच, स्लायडर तोच. एक चेंडू शिकता आला नाही एवढंच.

मग एप्रिलमध्ये कोपर गेलं. लिगामेंटची शस्त्रक्रिया, टॉमी जॉन या पिचरच्या नावाने ओळखली जाणारी. डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा १९७४ मध्ये त्याच्यावर केली आणि तो १९७६ मध्ये पुन्हा मैदानात उतरला. आमचा पोरगा जून २०३३ मध्ये परतला तेव्हा नियंत्रणाचं पोटेन्शियल घटलं होतं, चेंजअप ३५ वर होता आणि गेमने त्याला बुलपेनमध्ये टाकलं होतं. आकडा ४५.

दुखापतीआधी मावसभावाने त्याला घाईने डबल-ए मध्ये (मायनर लीगच्या वरच्या पायरीवर) चढवलं होतं आणि तिथे तो बेदम मार खात होता. या गेममध्ये खेळायला किती मिळतं आणि पातळी झेपते की नाही, दोन्हींचा वाढीवर परिणाम होतो. १९ वर्षांच्या, सध्या ३० असलेल्या पोराला मी तिथे पाठवला नसता. पण हा निर्णय मावसभावाचा होता, मामाचा नव्हे.

चढी बोली नेहमी त्याचीच का

फाईली पाहून झाल्यावर मी दोघांना एकत्र बसवलं. संवाद साधारण असा झाला.

"मामा, तुला माहीत होतं ना तो एवढा नाही ते?"

"मला माझ्या स्काउटचं ५० माहीत होतं. तुझ्या स्क्रीनवर ७० आहे हे मला कुठून कळणार?"

"मग ५० आहे असं सांगायचंस तरी."

"बाबा, तू मोहोर बघून झाड घेतलंस. आंबे किती धरतील ते मला तरी कुठे ठाऊक होतं?"

मग मामाने ते आठ आकडे कागदावर लिहिले आणि खाली बेरीज मांडली: ४४०. भागिले आठ, ५५. "सरासरी बरोबर खऱ्या आकड्यावर," तो म्हणाला. "म्हणजे स्काउट सगळे मिळून खोटं बोलत नाहीत. आता सांग, या आठ जणांत हा पोरगा विकायला सर्वांत आधी कोण तयार होणार?" ज्याला ४५ किंवा ५० दिसतंय तो. "आणि सर्वांत जास्त किंमत कोण देणार?" ज्याला ७० दिसतंय तो.

प्रत्येक स्काउटची चूक कुठल्याही बाजूला होऊ शकते, पण ट्रेड कुठल्याही दोघांत होत नाही. जास्त दिसलेल्याने कमी दिसलेल्याकडून घेतलं, असाच तो होतो. म्हणून विकत घेतलेल्या पोरांचं पोटेन्शियल पुढे घसरताना जास्त वेळा दिसतं. त्यात कुणाचा डाव असण्याची गरज नाही. ड्राफ्टमध्येही तेच: तुमच्या पाळीला जो खेळाडू तुम्हाला स्वस्तात उरलेला वाटतो, तो बऱ्याचदा फक्त तुमच्याच स्काउटला मोठा दिसत असतो. स्वतःच्या स्काउटचा आकडा ओएसएच्या आकड्यापासून १५ ने वर असेल तर खजिना सापडला असं समजण्याआधी आपला स्काउट चुकतोय असं धरून चालावं. आठात एकटं पडलेलं मत बरोबर असतंही कधी, पण त्याची पूर्ण किंमत मोजू नये.

निवाडा

ट्रेड रद्द केला नाही. यासाठी मला खऱ्या बेसबॉलमधलं एक प्रकरण उपयोगी पडलं आणि ते या तक्रारीशी थक्क व्हावं इतकं जुळतं. जुलै २०१६ मध्ये सॅन डिएगो पॅड्रेसने ड्रू पोमरँझ हा तयार पिचर बॉस्टन रेड सॉक्सला दिला आणि बदल्यात अँडरसन एस्पिनोझा हा १८ वर्षांचा व्हेनेझुएलन पिचर घेतला. पुढे उघड झालं की पॅड्रेसने पोमरँझच्या वैद्यकीय नोंदी पूर्ण दिल्या नव्हत्या. मेजर लीगने पॅड्रेसचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना ३० दिवस बिनपगारी निलंबित केलं. रेड सॉक्सला ट्रेड मोडायची मुभा होती, त्यांनी तो ठेवला. आणि एस्पिनोझा? त्याच्या कोपरावर दोनदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि मेजर लीगमध्ये तो पहिल्यांदा उतरला तो २०२२ मध्ये, शिकागो कब्जकडून. त्याचं नशीब फिरलं म्हणून पॅड्रेसला पोमरँझ परत मागता आला नाही.

लीगने शिक्षा केली ती दुखापतीची माहिती लपवल्याबद्दल. आपला स्काउट काय म्हणतो हे समोरच्याला सांगण्याची सक्ती तिथे कुणावर नाही. मामाच्या पिचरला ट्रेडच्या वेळी कुठलीही दुखापत नव्हती, ती नऊ महिन्यांनी झाली. ५० हे मत होतं आणि मत मनात ठेवायचा त्याला हक्क होता. घरातल्या घरात, भाच्याशी व्यवहार करताना एक शब्द टाकला असता तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं आणि मी ते मामाला सांगितलं. पण ती नात्यातली अपेक्षा झाली. लीगचा नियम नव्हे.

मावसभावाची दुसरी मागणी जास्त गंभीर होती. गेममध्ये एक सेटिंग असतं, खेळाडूंची प्रतिभा यदृच्छेने किती बदलावी याचं. मूळ मूल्य १०० असतं, आमच्याकडेही तेच आहे. "ते पार खाली आण," तो म्हणाला, "म्हणजे पोटेन्शियल दिसेल तसं वागेल." मी ठाम नकार दिला आणि त्यावर आमचा खूप वेळ गेला.

हे सेटिंग खाली आणलं तर ड्राफ्टच्या पहिल्या दिवशी पुढची दहा वर्षं ठरून जातील. बेसबॉल असं चालत नाही. अल्बर्ट पुजोल्स १९९९ च्या ड्राफ्टमध्ये तेराव्या फेरीत गेला. माइक पियाझा १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत. उलट १९९१ चा पहिला क्रमांक ब्रायन टेलर मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही, आणि २०१३ चा पहिला क्रमांक मार्क अपेल पोचला तो २०२२ मध्ये. पिचिंग प्रॉस्पेक्ट (होतकरू पिचर) नावाची गोष्टच नसते, असं तिकडचे अभ्यासक म्हणत आले आहेत, इतकी पिचरची वाढ बेभरवशाची. आमच्याच लीगमध्ये पुण्याच्या भावाने चौथ्या फेरीत घेतलेला एक कॅचर ३५ च्या पोटेन्शियलवरून आज ६० वर आहे. तो आनंद ज्या सेटिंगने दिला त्याच सेटिंगने चेंजअप हिरावला. एक ठेवून दुसरं काढता येत नाही आणि मला ते काढायचंही नाही. उद्या कोण फुलेल हे माहीत नसताना पोरं वाढवणं हाच या मोडचा प्राण आहे.

नियम मात्र दोन बदलले. लीगची स्काउटिंग अचूकता आम्ही 'कमी' वर ठेवली होती, ती 'सामान्य' वर आणली. १५-१५ गुणांची तफावत वारंवार येऊ लागली तर स्काउटिंगवर पैसा खर्च करण्यातली गंमत जाते, हे मावसभावाचं म्हणणं मला पटलं. आणि ट्रेड जाहीर करताना दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचा ओएसए आकडा लिहायचा. तो सगळ्यांना दिसतोच, पण समोर लिहिलेला असला की नजरेतून सुटत नाही. स्वतःच्या स्काउटचं मत सांगायची सक्ती कुणावर नाही.

मावसभाऊ आता पोरांची पानं वेगळ्या क्रमाने वाचतो: आधी अचूकता, मग ओएसए, मग सुटे गुण आणि त्यांतलं सध्याचं किती नि नुसतं भविष्यातलं किती, मग मेहनतीची वृत्ती. एकूण आकडा सगळ्यांत शेवटी. डावखुऱ्याला त्याने रीतसर रिलीव्हर केलाय. थोड्याच इनिंग्ज टाकायच्या असल्याने फास्टबॉलची धार वाढली आहे आणि चेंजअपची गरज उरलेली नाही. डावखुऱ्या बॅटरांसमोर त्याचा स्लायडर चालतो. गेल्या रविवारी मामाने तो परत मागितला, एक तिसऱ्या फेरीतला आउटफिल्डर देऊन. मावसभावाने उत्तर दिलेलं नाही. त्या आउटफिल्डरकडे त्याने आधी आपला स्काउट पाठवलाय.